नाताळचा कार्यक्रम आणि समाजसेवा: दोन्ही एकाच शिक्षिकेकडे आल्यावर

नमस्कार टीचर,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या एका कॉन्व्हेंट शाळेत तुम्ही शिकवता. दिवाळीच्या सुट्टीनंतर सिस्टरांनी नाताळचा कार्यक्रम आणि समाजसेवा ही दोन्ही कामं तुमच्याकडे दिली. सातवी ते नववीची ६० मुलं आहेत आणि हातात पाच आठवडे. गेल्या वर्षी मुलांनी वृद्धाश्रमात दोन नाच केले, केळी वाटली, फोटो काढले आणि बस परत आली. मुलं म्हणाली, कंटाळा आला. त्यातच काही पालकांनी विचारलं, आमच्या मुलाने येशूजन्माच्या नाटकात का उतरायचं? म्हणून तुम्ही विचारताय की या वर्षी वेगळं काय बसवू आणि मुलांना कुठे नेऊ.

मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या ख्रिस्ती शाळांमध्ये मराठी शिकवत आले. मराठीच्या बाईंकडे गॅदरिंग येतंच, तसं तेही आलं. मी स्वतः कॅथलिक आहे आणि माझ्या वर्गातली बहुसंख्य मुलं कायम हिंदू आणि मुसलमान घरांतली होती. त्यामुळे पालकांचा प्रश्नही मला परका नाही.

माझ्या मते तुमच्याकडे कल्पना कमी नाहीत. अडचण अशी की दोन्ही कामांची तालीम एकच झाली आहे. शाळेच्या स्टेजवर होणारा नाच आठ दिवस आधी वृद्धाश्रमात होतो, आणि त्यालाच आपण समाजसेवा म्हणतो. म्हणजे मुलं तिथे प्रयोग करायला गेली आणि आजी-आजोबांना प्रेक्षक म्हणून बसवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण ती भली माणसं आहेत. मुलांना कंटाळा येणारच, कारण तिथे त्यांना करण्यासारखं किंवा ऐकण्यासारखं काही नव्हतं. मी हा क्रम उलटा करते. आधी सेवा, तीही लहान आणि खरी, आणि त्यातून जे हाती लागेल ते स्टेजवर. पाच आठवड्यांत हे बसतं.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. शाळा आयसीएसईची असेल तर एसयूपीडब्ल्यू (समाजोपयोगी उत्पादक काम) आणि समाजसेवा हा तिथे अंतर्गत मूल्यमापनाचा भागच आहे, त्यामुळे तुम्हाला वेळापत्रकात तास मागता येतील. राज्य मंडळाची असेल तर शनिवार आणि कार्यानुभवाचे तास यांतूनच वेळ काढावा लागेल. बस आहे की एसटीवर भिस्त आहे, सिस्टर तालमीसाठी वर्ग सोडतात की नाही, गावात चर्च किती जुनं आणि लोकांशी त्याचं नातं कसं, यावरही बरंच ठरतं. वसईकडे चर्चभोवती अख्खी गावं ख्रिस्ती आहेत. तुमच्याकडे चार-दोन घरं असतील. तिथलं इथे जसंच्या तसं चालत नाही.

आता पालकांचा प्रश्न, कारण तो आधी मिटायला हवा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० मुळे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवता येतात. त्याच घटनेचा अनुच्छेद २८(३) सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची संमती लागते. नाटक म्हणजे उपासना नव्हे, असा वाद घालता येईल. मी घालत नाही. मी पालकांना साध्या मराठीत चिठ्ठी पाठवते: गोष्ट कोणती, तुमच्या मुलाचं काम कोणतं, प्रार्थना आहे की नाही, संहिता पाहायची असेल तर अमुक दिवशी शाळेत या. बहुतेक कुणी येत नाही. पण दार उघडं आहे हे कळलं की गावात कुजबुज होत नाही.

हिंदू पालकांना नाताळचं वावडं नसतं, आपल्याला न सांगता काही चाललंय का एवढीच धास्ती असते. मुसलमान पालकांचा मुद्दा निराळा आहे आणि तो समजून घ्या. येशू त्यांना ईसा म्हणून पूज्य आहे, कुराणात मरियमच्या नावाची सूरा आहे. पण पैगंबराचं सोंग कुणी घ्यावं हे अनेकांना पटत नाही, आणि हा आक्षेप आदरातून येतो. अशा मुलाला मी निवेदन, प्रकाशयोजना किंवा गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, बांधकाम देते, आणि ते काम खरोखर महत्त्वाचं असेल याची काळजी घेते. दुय्यम काम देऊन त्याला बाजूला बसवलं तर ते त्याला लगेच कळतं.

गोठ्याचं म्हणाल तर तो मुलांकडूनच करून घ्या, बाजारातला थर्मोकोलचा आणू नका. माडाच्या झावळ्या, भाताचा पेंढा, जांभ्याचे तुकडे, सगळं आपल्या आवारात मिळतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पसरट भांड्यांत माती घालून नाचणी दाट पेरून ठेवा. नाताळपर्यंत हिरवंगार शेत तयार होतं. घटस्थापनेला घरी रुजवण घालणारी मुलं यात सगळ्यांत तरबेज असतात. गोठा मांडायची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात केलेल्या देखाव्यावरून रूढ झाली. शिकलेल्यांनाच नव्हे, साध्या माणसांनाही ती गोष्ट डोळ्यांनी दिसावी म्हणून तो होता, हे मुलांना जरूर सांगा.

नाटकाबद्दल माझं मत ठाम आहे. पांढऱ्या झग्यातले देवदूत, भाड्याचे मुकुट आणि पाठ केलेली भाषणं यांत मुलं काही शिकत नाहीत. शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, वाचलंत तर दिसेल की लूकच्या कथेत मेंढपाळ आणि गव्हाणी आहे, मत्तयच्या कथेत मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, हेरोद राजा आणि इजिप्तला पळून जाणं आहे, आणि मागी तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. म्हणजे आपण दरवर्षी जे एकत्र कालवतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६० मुलांसाठी एकच निवडा. मी बहुतेक वेळा लूकची घेते, कारण ती कामकरी माणसांची आहे. शिरगणतीच्या हुकमामुळे घर सोडून निघालेलं जोडपं, उतरायला जागा नाही, आणि बातमी पहिल्यांदा पोचते ती रात्री कळप राखणाऱ्यांना.

आपल्या किनाऱ्यावर रात्री कोण राखण करतं, हे मुलांना विचारा. हापूसच्या बागांत मोहोराच्या आधीपासून आंबे उतरेपर्यंत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं मुलांनी पाहिलेली असतात. बोटींवरचे खलाशीही बरेच तिकडचेच. ही माणसं घरापासून फार लांब आलेली आहेत आणि बागेतल्या खोपटात तान्ही मुलं घेऊन राहतात. एकदा आठवीच्या मुलांनी मेंढपाळांच्या जागी राखणदार घातले. एक सूचना कडकपणे पाळा: त्यांच्या बोलण्याची नक्कल, टोपी घालून हशा, असलं काही नको. आणि नाटक करण्याआधी कुणीतरी जाऊन त्यांच्याशी बोललेलं असलं पाहिजे. त्यांच्यातलं सहा ते चौदा वयाचं एखादं मूल शाळेत जात नसेल तर ते काम तुमचं, मुलांचं नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही; जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा.

पात्रं निवडताना गोरी, सडपातळ मुलगी मरिया आणि सावळी मुलगी गर्दीत, असं वर्षानुवर्षं चालतं. ते कृपा करून थांबवा. मुली हे आयुष्यभर विसरत नाहीत. मी आवाज आणि स्थिरता पाहते, बाकी काही नाही.

आता नाटकाचा बाज. सिंधुदुर्गाला लागून असाल तर दशावतार, उत्तरेला असाल तर नमन-खेळे आणि जाखडी, या लोककलांपैकी काहीतरी मुलांच्या रक्तातच असतं. दशावतारी नटांकडे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद जागेवर रचायचे, सामान म्हणजे एक बाकडं, साथीला पेटी, पखवाज, झांज. ही पद्धत शाळेसाठी फार उपयोगी आहे, कारण पाठांतर गेलं की मुलं ऐकायला लागतात. पण दशावतार हा देवळाच्या जत्रेतला विधीही आहे. त्याचा गणपती, त्याचा संकासुर उचलून नाताळात आणू नका. जागेवर बोलण्याची रीत तेवढी घ्या, आणि गावातल्या एखाद्या जुन्या नटाला तालमीला बोलवा. तो सन्मानाने येतो आणि दोन तासांत मुलांना उभं राहायला शिकवतो.

हे ख्रिस्ती परंपरेला सोडून आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेलं क्रिस्तपुराण ओवीत रचलं, जवळपास ११ हजार ओव्या. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपल्याच जिल्ह्यातले, करजगावला १८६१ साली जन्मलेले. त्यांनी अभंगाच्या वळणाची भक्तिगीतं लिहिली आणि मराठी चर्चमध्ये ती आजही गातात. इंग्रजी कॅरोल्स जरूर घ्या, मुलांना आवडतात. पण निम्मी गाणी मराठी असू द्या, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळेल काय चाललंय.

सेवेकडे वळते. वृद्धाश्रम सोडू नका, पद्धत बदला. ६० मुलं एकदम नेऊ नका. बारा-पंधरांचा गट करा आणि तोच गट पुन्हा पुन्हा न्या, निदान दोनदा कार्यक्रमाआधी आणि एकदा जानेवारीत. पहिल्या भेटीत गाणं नाही, नाच नाही, वाटप नाही. प्रत्येक मुलाने एका माणसाशेजारी बसायचं आणि विचारायचं: तुमच्या लहानपणी लग्नात काय गायचे, शिमग्याला काय करायचे, नाताळला घरात काय व्हायचं. गुळगुळीत कागद नको, साधी वही पुरे. मुलं सुरुवातीला अवघडतात. दहा मिनिटांनी एखादी आजी गुणगुणायला लागते आणि मग उठायला कुणी तयार नसतं.

आमच्याकडे यातूनच सगळ्यांत सुंदर कार्यक्रम झाला. एका गटाला हिंदू आजींकडून लग्नातल्या हळदीच्या आणि घाण्याच्या ओव्या मिळाल्या. दुसऱ्या गटाला एका ख्रिस्ती आजींकडून रोसाची गाणी मिळाली. ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वधू-वराला नारळाचा रस चोळतात, त्याला रोस म्हणतात, आणि त्या वेळी बायका कोकणीत ओव्या गातात. मुलींनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं: दोन्हीकडे नारळ, दोन्हीकडे आई-मामाची नावं, दोन्हीकडे लेक घर सोडणार म्हणून भरून आलेला गळा. आम्ही येशूजन्माच्या नाटकात मरियेच्या मैत्रिणी तिची पाठवणी करतात असा प्रवेश घातला आणि त्यात दोन्ही गाणी गायली. ज्या आजींनी ती दिली त्यांना पहिल्या रांगेत बसवलं नाही. ज्यांची प्रकृती ठीक होती त्यांना स्टेजवर मुलींसोबत बसवलं. निवेदनात गाणं कुणाकडून मिळालं ते नावानिशी सांगितलं, अर्थात त्यांना आधी विचारून. ज्या पालकांना शंका होत्या त्यांनीच नंतर आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांची गाणी मुलांना सांगायला सुरुवात केली.

वस्तू द्यायच्याच असतील तर व्यवस्थापकांना आधी फोन करून विचारा. केळी आणि पेढे सगळेच आणतात आणि निम्म्या लोकांना मधुमेह असतो. बहुतेकदा गरज असते मोठ्यांच्या डायपरची, खोबरेल तेलाची, नेलकटरची, थंडीत पायमोज्यांची. खोकला-सर्दी असलेल्या मुलाला त्या दिवशी घरी ठेवा. आणि हातात वस्तू देतानाचा फोटो काढू नका. कुणाही माणसाला घेणारा म्हणून भिंतीवर लागायला आवडत नाही. सिस्टरांना अहवालासाठी फोटो हवाच असेल तर मुलांच्या वहीचं एक पान काढून द्या, किंवा परवानगी घेऊन सगळे गोलात बसलेले असताना एक काढा.

उरलेल्या मुलांसाठी डिसेंबरात आपल्याकडे वनराई बंधाऱ्यासारखं, म्हणजे वहाळावर (ओढ्यावर) गोणी रचून घातलेल्या कच्च्या बांधासारखं, दुसरं चांगलं काम नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण उतार तीव्र आणि जांभा सच्छिद्र, त्यामुळे पाणी वाहून समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन चालतात. नोव्हेंबर-डिसेंबरात वहाळ अजून वाहत असतो. तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू-माती भरून, तोंड शिवून, विटांसारखे सांधे मोडत त्या आडव्या रचतात आणि फटींत माती दाबतात. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरी थोडा जास्त काळ टिकतात, गुरांना प्यायला मिळतं. जागा ग्रामपंचायत आणि कृषी सहायकांना विचारून ठरवा, आणि उन्हाळ्यात जिथे पाणी भरायला जावं लागतं त्या वाडीतल्या बायकांनाही विचारा. त्यांना वहाळ सगळ्यांपेक्षा नीट माहीत असतो. मुलांसाठी गोणी अर्धीच भरायची आणि साखळी करून हातोहात पुढे द्यायची. पाण्यात उतरणाऱ्याच्या पायाला जखम नको, गमबूट हवेत आणि नंतर साबणाने हातपाय धुणं सक्तीचं, कारण लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) आपल्या भागात आहे. गावकरी सोबत नसतील तर काम करू नका. गावाने हात लावला नाही तर फुटलेल्या बंधाऱ्याकडे नंतर कुणी बघत नाही.

किनारा स्वच्छता सोपी वाटते म्हणून सगळे तीच घेतात. घ्यायची असेल तर ओहोटीची वेळ पाहा, गोळा केलेलं प्लास्टिक कोण उचलणार हे ग्रामपंचायतीशी आधी ठरवा, नाहीतर ते पोत्यांत भरून तिथेच राहतं. वाळूवरची मर्यादवेल कचरा समजून उपटू देऊ नका, ती वाळू धरून ठेवते. भरतीरेषेच्या वर फावडी-दाताळी चालवू नका. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी घरटी कशी जपली, त्यावर मुलांशी एक तास बोललात तरी पिशव्या भरण्यापेक्षा जास्त पदरात पडेल.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. सिनेमाची गाणी वापरणार असाल तर कॉपीराइट कायद्यात शाळेच्या कार्यक्रमाला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच असतील तर. तिकीट लावून गावासाठी प्रयोग करायचा तर ती सूट धरू नका. मैदानात कार्यक्रम असेल तर ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद, म्हणून नाटक आधी आणि बक्षीस वाटप नंतर ठेवा. उलटं केलं की नाटकच कापलं जातं. वेशभूषेसाठी पैसे गोळा करू नका. आईची जुनी साडी, आजोबांचं उपरणं, घोंगडी यांत बेथलेहेम उत्तम उभं राहतं, आणि पैशांअभावी कुणी गळत नाही.

पाच आठवड्यांची वाटणी साधारण अशी करा. पहिल्या आठवड्यात पालकांना चिठ्ठ्या आणि जागांची पाहणी, दुसऱ्या-तिसऱ्यात भेटी आणि बंधारा, त्याच वेळी गाण्यांचा सराव. नाटक तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उभं करायला घ्या, त्याआधी नाही, कारण त्याचा माल तोपर्यंत मुलांच्या वहीत जमलेला नसतो. सिस्टर घाबरतील की तालीम उशिरा सुरू झाली. त्यांना दुसऱ्या भेटीला सोबत घेऊन जा, समजावण्यापेक्षा ते बरं.

मुलांना सेवेचे गुण द्यायचे का, असंही तुम्ही विचारलंय. हजेरीवर आणि फोटोवर देऊ नका. एक पान लिहायला सांगा: त्या माणसाने सांगितलेली, मला आधी माहीत नसलेली एक गोष्ट. शुद्धलेखन तपासू नका. ज्याने खरंच ऐकलंय त्याचं पान लगेच ओळखू येतं.

आणि मॅनेजमेंटने गेल्या वर्षीसारखंच करायला सांगितलं, तर एवढं तरी मागून घ्या: बस सुटण्याआधी नाचानंतरचा अर्धा तास, केळ्यांऐवजी वही-पेन्सिल घेतलेली बारा मुलं, आणि जानेवारीत त्याच बारा मुलांना पुन्हा नेण्याची परवानगी. शाळेचा बोर्ड कोणता, जवळ वहाळ आहे का, आणि वृद्धाश्रम किती लांब आहे हे कळवलंत तर गट कसे पाडायचे तेही सांगते.